साक्षीदाराची जागा

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी घोटभर पाणी पी. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, दुकान चालू आहे, मांजर तेवढं आणखी जाड झालंय. रविवारी फोनवर तासभर गप्पा मारल्या आणि बुधवारी हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू म्हणशील. सुचलं याला कारण आहे. फोनवर मी काही कबूल करायला लागले की तू "बरं, ते असू दे, जेवलीस का?" म्हणून माझी गाडी भलत्याच रस्त्याला लावतेस, आणि मीही आनंदानं लागते. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही. दुपारची वेळ आहे, शटर अर्धं खाली ओढलंय आणि ज्या टेबलावर कापड बेततो त्यावरच लिहायला बसलेय. तेव्हा कागदाला खडूची पूड लागली असेल तर झटकून घे.

रविवारी बोलता बोलता तू सांगितलंस, की पुढच्या महिन्यात गोदामातली नोकरी संपते आहे आणि खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या दोन नातींना शिकवाल का म्हणून विचारायला आल्या होत्या. तू नाही म्हणालीस. वर मला म्हणालीस, "मला शिकवता येत नाही, तुला तर माहीतच आहे." इतक्या सहज म्हणालीस, भाजी महाग झाली म्हणतो ना, तितक्या सहज. मी नुसतं "हं" केलं. ताई, ते "हं" रविवारपासून मला टोचतंय. या पत्राचा सगळा संबंध त्या एका वाक्याशी आहे. पण मला तिथपर्यंत माझ्या चालीनं येऊ दे. धावत आले तर धापा टाकीन आणि अर्धं सांगायचं राहील.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या कापड बदलायला आल्या होत्या. तिथं बसून घाबरलेल्या लोकांनी बोटांनी उकरून उकरून खुर्च्यांच्या हातांचं कापड पार फाडलंय. मी खिळे काढत बसले होते, तोंडात चार खिळे, आणि दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पंचविशीची, चष्मा, खांद्याला भलीमोठी पिशवी, छातीशी एक जाड पाकीट. नमस्कार नाही, चमत्कार नाही, तिचे डोळे सरळ माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. तिथं आमची जुनी ठिगळांची पिशवी टांगलेली असते ना? तुझ्या हिरव्या कोटाच्या अस्तराची, पडद्यांच्या तुकड्यांची, लाकडी बटणाची. नमुना म्हणून टांगली ती कायमचीच तिथं राहिली. तर ही मुलगी त्या पिशवीकडे बघून बसलीच. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर, अर्धे खिळे काढलेल्या. टोचलं असणार, पण तिला कळलंसुद्धा नाही. म्हणाली, "ही पिशवी मी सात महिने शोधतेय."

मी तिचं नाव परवानगीवाली ठेवलंय. ती एका प्रकाशकाकडे कामाला आहे आणि तिचं काम ऐकशील तर हसशील. एक फोटोवाले आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चाळीस वर्षं बस स्टँडवर उभं राहून अनोळखी माणसांचे फोटो काढले. कुणाला विचारलं नाही, कुणाचं नाव लिहून घेतलं नाही. वहीत फक्त तारीख, वेळ आणि फलाटाचा नंबर. आता त्या फोटोंचं पुस्तक निघतंय, आणि प्रकाशकांच्या वकीलबाईंनी सगळ्यांना कामाला लावलंय. त्यांचं म्हणणं असं, की चारचौघांत फोटो काढणं वेगळं, तो छापणं वेगळं, आणि पुस्तकाच्या तोंडावर छापणं आणखी वेगळं. आत गर्दीत कुणी दिसलं तर एक वेळ चालेल. पण मुखपृष्ठ म्हणजे पुस्तक विकायला माणूस दुकानाच्या दारात उभा करणं, आणि त्या माणसाला विचारायला नको? त्यातून तो माणूस झोपलेला असेल तर जास्तच. जागा माणूस निदान तोंड फिरवू शकतो, झोपलेल्याला तेवढीही सोय नाही. म्हणून परवानगीवाली त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या, तीस वर्षांपूर्वीच्या माणसांच्या मागे गावभर फिरते आणि सह्या गोळा करते.

यात गंमत अशी, की ज्याचा फोटो छापायची परवानगी हवी, त्याला शोधायला त्याचाच फोटो छापता येत नाही. तो वर्तमानपत्रात दिला, भिंतीवर चिकटवला, की परवानगीशिवाय छापल्यासारखंच झालं. मग ही हुशार पोरगी काय करते? चेहरे सोडून बाकीचं दाखवते. कुणाची छत्री, कुणाचे बूट, कुणाची काठी. मुखपृष्ठाच्या फोटोतली (तो माझा निघाला, सांगते पुढे) तिनं पिशवी कापून घेतली होती आणि ती घेऊन ती कापडवाले, शिंपी, बटणवाले असे सगळे पालथे घालत आली होती. त्या पिशवीवर माझ्याआधी तीन बायका "ती मीच" म्हणून सांगून गेल्या होत्या. एकीनं तर सहीसुद्धा ठोकली होती आणि शेजारपाजारच्यांना सांगून टाकलं होतं, की मी पुस्तकावर येणार. बिचारीला खरंच तसं वाटत होतं म्हणे. स्टँडवर झोप कुणाला लागत नाही? पुढे कळलं, की तिची पिशवी कातड्याची होती, आणि सगळे कागद रद्द. तेव्हापासून वकीलबाईंनी फॉर्मात आणखी एक कलम घुसवलंय. त्याच्यावर मी शेवटी येते.

मग तिनं पाकीट उघडलं.

ताई, मी एकवीस वर्षांची असताना इतकी बारीक होते हे तू मला कधी सांगितलं का नाहीस? लाकडी बाक आहे. मी डावीकडे, तोंड थोडं उघडं, मांडीवर पिशवी, आणि डोकं सरळ शेजारच्या माणसाच्या खांद्यावर. अगदी घरचा खांदा असावा तसं. माणूस पूर्ण अनोळखी. चाळिशीचा असेल, कामाचे निळे कपडे, मांडीवर हत्यारांची पेटी. खांदा असा ताठ धरलाय की जणू त्यावर भरलेला पेला ठेवलाय. आणि त्याचे डोळे तिसरीकडेच, फोटोच्या कडेला, जिथून एक बस निघून चालली आहे. फोटो इतका सुंदर आहे, की आधी तो माझाच आहे हे विसरून मी बघत राहिले. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे तुझ्या लाडक्या जावईबापूंनी, तर चहा कपातच गार होऊ दिला. त्यांना मी त्या माणसाचं नाव खांदेकरी ठेवलेलं आवडलं नाही. म्हणाले, "अगं, जिवंत आहेस तू!"

मग माझी नजर वर गेली. बाकाच्या वर भिंतीवर स्टँडचं घड्याळ आहे. अकरा वाजून दहा मिनिटं. आणि पिशवीच्या तोंडातून एक घडी घातलेला कागद डोकावतोय, त्यावर गोल शिक्का. परवानगीवालीनं भिंग दिलं, पण मला भिंग नको होतं. तो शिक्का मी ओळखते. तूही ओळखशील. तो कागद तूच माझ्या पिशवीत ठेवला होतास, सकाळी साडेसहाला, आणि वरून दोन पेनं आणि एक पेन्सिल.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. कचेरीतल्या जागेची ती परीक्षा, जिचं ते प्रवेशपत्र, दहाला सुरू झाली होती. अकरा दहाला मी पेपर लिहीत असायला हवी होते, आणि मी स्टँडवर परक्या माणसाच्या खांद्यावर घोरत होते. ताई, मी नापास झाले नव्हते. मी परीक्षेला बसलेच नव्हते.

बस चुकली नाही, कुणी अडवलं नाही, तब्येत बिघडली नाही. यातली एखादी सबब खरी असती तर मी तुला त्याच दिवशी सांगितली असती. दुसरी बस पकडायला मी त्या स्टँडवर उतरले. नऊची समोर येऊन उभी राहिली, दार उघडून दहा मिनिटं थांबली. मी तिच्याकडे बघत बसले. मग साडेनऊची आली, तिच्याकडेही बघत बसले. ती गेल्यावर आता पोचणं शक्य नाही हे कळलं आणि मी बाकाला पाठ टेकली. सुटले एकदाची, असं वाटलं. आयुष्यात इतकी गाढ झोप मला पुन्हा लागलेली नाही. मला ती कचेरीतली खुर्ची नकोच होती ग. तू स्वयंपाकघरात आवरत असायचीस तेव्हा मी पुस्तकाखाली कापडाचे तुकडे जोडत असायचे. ती पिशवी अभ्यासाच्या वेळातच शिवलेली आहे, टाके मोज, तितके माझे धडे बुडाले. पण आई गेल्यापासून तू मला वाढवलंस, शाळेची वाट, डोक्याचं तेल, तापातलं जागरण, सगळं तुझंच. तेरा वर्षांनी मोठ्या बहिणीला "मला हे नको" म्हणायची माझी छाती झाली नाही.

पण बसले नाही हा माझा खरा गुन्हा नव्हेच. खरा गुन्हा मी निकालाच्या दिवशी केला. यादीत नाव नाही म्हटल्यावर तू विचारलंस, "कुठं अडलं ग?" आणि मी म्हणाले, "गणितात." मनात येईल ते पहिलं बोलून गेले. गणित तू शिकवायचीस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू फक्त फळा पुसलास. महिन्याभरात बाहेरच्या खोलीतला तुझा शिकवणीचा वर्ग बंद झाला. सात मुलं यायची, त्यांच्या आया दारात रडून गेल्या. तू त्यांना म्हणालीस, "घरच्या पोरीला जे जमवून देता आलं नाही, ते तुमच्या पोरांना काय देणार?" मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून ऐकत होते. तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. आज येते, उद्या येते करत चोवीस वर्षं झाली, तू गोदामात चिठ्ठ्यांवर शिक्के मारलेस, आणि मी मात्र इथं मजेत. मजेत नाही असं खोटं कशाला बोलू? मला हे काम मनापासून आवडतं. गेल्या वर्षी त्याच कचेरीतल्या चाळीस खुर्च्यांचं कापड बदलून दिलं. एक नाही मिळाली, पण चाळीस माझ्या हाताखालून गेल्या.

फॉर्मात "नाही" म्हणायचा चौकोन आहे. जावईबापू म्हणाले, एवढा जीव टांगणीला लागत असेल तर नाही म्हण आणि मोकळी हो, दुसरा फोटो घेतील ते. परवानगीवालीही भली. म्हणाली, चेहरा धूसर करता येईल, फोटो नुसता आतल्या पानावर घेता येईल, छपाई सुरू होईपर्यंत दिलेली परवानगी परतही घेता येईल, आणि नकार दिलात तर कारण विचारायचा मला अधिकार नाही. मी जवळजवळ नाहीवर खूण करणारच होते. मग म्हटलं, निदान फोटोवाल्या आजोबांना बघून तरी येऊ. दोन खोल्या, भिंतीला टेकून खोकीच खोकी. त्यांना मी जरा रागानंच विचारलं, की मला न विचारता कसा काढलात? आजोबा शांतपणे म्हणाले, "विचारलं असतं तर जागी झाली असतीस."  पण मग तेच म्हणाले, की काढताना विचारता आलं नाही म्हणून तर आता विचारायला पाठवलंय, आणि तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल पण मी ऐकेन. ते बोलणं मला आवडलं.

आणि शेवटी खांदेकरी. तेही सापडलेत. परवानगीवालीनं त्यांना पेटीवरच्या कंपनीच्या खुणेवरून शोधलं. लिफ्ट दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. त्यांनी जागच्या जागी सही दिली, आणि फॉर्मात खाली "काही सांगायचे असल्यास" म्हणून दोन ओळींची जागा असते, तिथं कागद उलटून मागची बाजूही भरून काढली. ते मला दाखवायला तिनं त्यांची वेगळी परवानगी घेतली, त्याचीही सही! मी ते उतरवून घेतलंय. शब्द त्यांचेच आहेत: "बाईंना गाढ झोप लागली होती. माझी अकराची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटून समोरून गेली. उठलो असतो तर त्या पडल्या असत्या. झोपेत त्या पाठ केल्यासारखं बोलत होत्या. तीन-चार वेळा तेच म्हणाल्या म्हणून लक्षात राहिलं. आधी शेवटपर्यंत वाच, मग पेन उचल. येतं ते आधी कर. येत नाही त्याला खूण कर आणि पुढे हो, घाबरून बसू नकोस. पुढे बंद पडलेल्या लिफ्टपाशी उभा राहिलो की मी हेच मनात म्हणायचो. आत माणसं अडकलेली असली की फार उपयोग व्हायचा. हाताखालच्या सगळ्यांना हेच शिकवलं. ज्यांनी यांना हे शिकवलं, त्यांना माझा नमस्कार सांगावा. फोटोला हरकत नाही."

झोपेत बडबडायची माझी खोड तुला ठाऊक आहे, किती उशा फेकून मारल्यास मला. पण काय बडबडत होते ते मला आत्ता कळलं. ताई, तुझा तो पाठ, पट्टीनं टेबलावर ठेका धरून घेतलेला, मी परीक्षा चुकवून पळाले तरी माझ्या आत चालूच होता. आणि माझ्या तोंडून तो एका अनोळखी माणसाकडे गेला, त्याच्याकडून आणखी किती जणांकडे, कोण जाणे. अंधारात दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं तुझ्या शिकवण्यानं बाहेर निघाली आहेत. तुला शिकवता येत नाही, असं पुन्हा माझ्यासमोर म्हणून दाखव!

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. त्या खोट्या सहीनंतर वकीलबाईंनी घुसवलेलं कलम असं आहे, की साक्षीदार असा हवा, ज्यानं फोटो काढला तेव्हा या व्यक्तीला रोज पाहिलेलं आहे, आणि त्यानं फोटो समोर ठेवून "ही तीच" असं लिहून द्यायचं. जावईबापू चालत नाहीत, ते पाच वर्षं उशिरा आले. तेव्हाची मला ओळखणारी या जगात तू एकटी उरली आहेस. म्हणजे तुला फोटोतलं ते घड्याळ दाखवल्याशिवाय मला पुस्तकावर जाता येत नाही, आणि खरं सांगू, तसं नसतं तर मी हे तुला आणखी चोवीस वर्षं सांगितलं नसतं. फॉर्म सोबत ठेवलाय. माझ्या सहीची जागा कोरी आहे. आधी तू ये, मला हवं ते बोल, कान धर, आणि मग तुला वाटलं तरच साक्षीदाराच्या जागी सही कर. तू केलीस तर खाली मी करीन. नाही केलीस तर मी नाहीवर खूण करीन आणि तुझ्यावर रुसणार नाही. पण खालच्या बाईंच्या नातींना मात्र तुला शिकवावंच लागेल, त्याला कुणाच्या सहीची गरज नाही. येताना चष्मा विसरू नकोस, फॉर्म लांबलचक आहे. आणि ताई, आधी शेवटपर्यंत वाच, मग पेन उचल.

तुझीच, अजून तुकडे गोळा करणारी,
खारू